दोन महिन्यांच्या रजेचा संसार

आमच्या भागातल्या बायकांना एक हिशेब तोंडपाठ असतो. नवरा आखातात. दोन वर्षांनी दोन महिन्यांची रजा. म्हणजे निकाहाला सोळा वर्षं झाली असतील तर संसार झाला सोळा महिन्यांचा. त्यातून पाहुणेरावळे, लग्नकार्यं, बँकेची आणि पासपोर्टची कामं, सासर-माहेरच्या दावती वजा करा. उरलेले दिवस ज्याचे त्यानं मोजावेत.

माझा हिशेब असाच आहे. निकाह जानेवारी २००४ चा. आमचे हे दुबईत आधी हेल्पर, मग एसी टेक्निशियन, मग सुपरवायझर झाले. फॅमिली व्हिसा मिळेल इतका पगार झाला, तोवर मुलं इथल्या शाळेत रुळली होती आणि सासूबाईंना एकटं सोडता येत नव्हतं. ऑगस्ट २०२० मध्ये, कोरोनाच्या दिवसांत, नोकरी संपली आणि ते कायमचे चिपळूणला घरी आले. "आता तुझे सुखाचे दिवस आले," असं म्हणून गेलेल्या बायकांची गणती नाही. पण ते दिवस यायला आणखी दीड-दोन वर्षं लागली आणि त्यासाठी एका परक्या बाईची मदत घ्यावी लागली. मला त्या मदतीबद्दल लिहायचं आहे.

इंग्रजी जाणणारे तिला इंटिमसी कोचिंग म्हणतात. आपल्याकडे त्याला रुळलेलं नाव नाही. नवरा-बायकोला एकमेकांच्या जवळ यायला शिकवणं, असं साध्या शब्दांत म्हणता येईल. मनानं जवळ आणि शरीरानंही. विषय नाजूक आहे, म्हणून आधीच सांगते, की हा लेख मी यांना वाचून दाखवला आहे. दोन ठिकाणच्या ओळी त्यांनी काढायला लावल्या, त्या काढल्या. बाकीचं त्यांच्या संमतीनं तुमच्यासमोर आहे.

कोकणातल्या मुसलमान घरात कर्ता पुरुष नसणं ही जुनी गोष्ट आहे. आधी तो जहाजावर असायचा. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले, आखातात बांधकामं निघाली आणि खेड, चिपळूण, दापोली, मंडणगड, महाड, म्हसळा, श्रीवर्धन या तालुक्यांतले तरुण तिकडे गेले. त्यांच्या पैशांवर घरं झाली, शाळा आणि मशिदी उभ्या राहिल्या, बहिणींची लग्नं झाली. मीही त्याच पैशांवर संसार केला, त्यामुळे नाक मुरडण्याचा मला हक्क नाही.

पण या सगळ्यात नवरा-बायकोचं बोलणं कुठे व्हायचं? माझ्या अम्मीच्या काळात पत्रं असायची. लिहिता न येणारी बाई शेजारच्या मुलाला बोलावून पत्र लिहून घ्यायची. शेजारच्या पोराच्या हातून नवऱ्याला मनातलं काय लिहिणार? मग कॅसेटी आल्या. बायका आवाज टेप करून, रजेवरून परत निघालेल्या गावच्याच कुणाकडे कॅसेट द्यायच्या. ती तिकडे आठ जणांच्या खोलीत वाजायची. पुढे एसटीडी बूथ, मग हॉलमधला फोन, मग मोबाइल, मग व्हिडिओ कॉल. साधनं बदलली, पण बोलण्याची यादी तीच राहिली. पैसे मिळाले का, फी भरली का, अम्मांची शुगर किती, पत्रे बदलले का, अमक्याच्या मुलीच्या लग्नात किती आहेर करायचा. ही यादी खोटी नव्हती. त्यात काळजीही होती. पण सोळा वर्षं रोज वीस मिनिटं बोलूनही दोन माणसं एकमेकांना अनोळखी राहू शकतात, हे मला ते परत आल्यावर कळलं.

परत आल्यावर पहिले दोन महिने छान गेले, कारण दोन महिने कसे काढायचे हे आम्हाला येत होतं. रजेत घर पाहुणचाराच्या वळणावर असतं. रोज गोडधोड, रोज कुणीतरी भेटायला, मी इस्त्रीच्या कपड्यांत. तिसऱ्या महिन्यात आम्हा दोघांकडेही करायला काही उरलं नाही. त्यांनी स्वयंपाकघरातले डबे त्यांच्या पद्धतीनं लावले. मला मसाल्याचा डबा सापडेना. मुलं परवानगी मागायला माझ्याकडेच यायची आणि यांचा चेहरा पडायचा. रात्री त्यांना पंखा फुल लागायचा, मला आणि धाकटीला कमी. शेवटी ते बाहेरच्या खोलीत झोपू लागले. निमित्त पंख्याचं होतं, आणि दोघांनाही ते निमित्त बरंच वाटलं.

आम्ही भांडत नव्हतो, हे मुद्दाम सांगते. आम्ही एकमेकांशी फार अदबीनं वागत होतो, जसं दुसऱ्याच्या घरी उतरलेलं माणूस वागतं. अशा परिस्थितीत बाईनं कुणाला विचारायचं? खालानं सांगितलं, सबर कर, मर्दाला कामधंदा मिळाला की सगळं ठीक होतं. एका मैत्रिणीनं तावीज सुचवला. पुरुषांची सोय तर आणखी वाईट. त्यांच्यासाठी रेल्वेच्या कडेच्या भिंतींवर रंगवलेले हकीम आणि मोबाइलवर येणारे व्हिडिओ. पहिला घाबरवून पैसे काढतो, दुसऱ्यात जे दिसतं त्याचा कुठल्याही खऱ्या संसाराशी संबंध नसतो.

वाट दाखवली एका डॉक्टरबाईंनी. मी पाळीच्या तक्रारीसाठी त्यांच्याकडे गेले होते. तपासून झाल्यावर त्यांनी औषधाचं लिहिता लिहिता विचारलं, "मिस्टर परत आलेत ना? तुमचं दोघांचं कसं चाललंय?" मी "ठीक" म्हणाले. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "ठीक म्हणजे कसं?" सोळा वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

पुढे वाचताना कळलं, की या एका प्रश्नाला या शास्त्रात मोठी जागा आहे. जॅक अ‍ॅनन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९७६ साली अशा मदतीच्या चार पायऱ्या मांडल्या. पहिली पायरी परवानगीची, म्हणजे माणसाला या विषयावर बोलायची मोकळीक देणं. दुसरी, गरजेपुरती माहिती देणं. तिसरी, त्या जोडप्याला लागू पडेल अशी नेमकी सूचना. आणि चौथी, खोल उपचार. बहुतेकांचं काम पहिल्या तीन पायऱ्यांवरच भागतं, चौथीपर्यंत जावं लागतच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. डॉक्टरबाईंनी मला पहिली पायरी चढवली आणि ठाण्याच्या एका समुपदेशक बाईंचा नंबर दिला. त्या शिकलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, जोडप्यांबरोबर काम करणाऱ्या.

यांना तयार करायला दोन महिने लागले. त्यांचे आक्षेप वावगे नव्हते. पहिला असा, की नवरा-बायकोतलं गुपित बाहेर सांगणं आपल्या दीनमध्ये सक्त मना आहे. मी म्हटलं, मनाई आहे ती चव्हाट्यावर मांडण्याला, बढाई मारण्याला. आजारी माणसाला वैद्यापुढे शरीर उघडं करायची मुभा आहे, मग दुखणं सांगायला का नसावी? दुसरा आक्षेप, की ती बाई आपल्यातली नाही, तिला आपलं काय कळणार? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते त्या बाईंनीच पहिल्या भेटीत दिलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या धर्मात काय चालतं आणि काय चालत नाही, ते तुम्ही मला सांगा. त्या रेषेबाहेरचं मी काही सुचवणार नाही."

तेव्हाच मला एक गोष्ट वाचायला मिळाली आणि मी ती यांना दाखवली. ज्या दुबईत यांची सोळा वर्षं गेली, तिथल्याच न्यायालयात वेदाद लूताह नावाच्या बाई नवरा-बायकोंना सल्ला देण्याचं काम करत होत्या. त्या निकाब घालतात. समोर बसलेल्या जोडप्यांची दुखणी ऐकून ऐकून त्यांनी २००९ साली विवाहितांसाठी लैंगिक मार्गदर्शनाचं एक पुस्तक अरबीत लिहिलं. त्यासाठी मुफ्तींची संमती घेतली. तरी त्यांना धमक्या आल्या. यांनी ते वाचलं आणि एवढंच म्हणाले, "मी तिथं एसीच दुरुस्त करत बसलो."

जानेवारी २०२२ मध्ये सुरुवात झाली. रविवारी जोहरच्या नमाजनंतर, मोबाइलवर, मुलं मामूकडे पाठवून. एकूण आठ भेटी. मला वाटलं होतं, पहिल्याच दिवशी लाजेनं मान खाली घालावी लागेल असं काही विचारतील. त्यांनी विचारलं, "तुम्ही दोघं एकत्र शेवटचं कधी हसलात?" आम्ही दोघंही आठवत बसलो. मग यांनी सांगितलं, २०१८ च्या रजेत गुहागरच्या किनाऱ्यावर माझी चप्पल लाटेनं नेली होती तेव्हा. मला ते आठवतही नव्हतं. त्यांनी ते चार वर्षं सांभाळून ठेवलं होतं.

पहिला अभ्यास होता दहा मिनिटांचा. रोज रात्री दहा मिनिटं बोलायचं. पैसा, मुलं, घर आणि नातेवाईक हे चार विषय सोडून. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं ऐकायचं, सल्ला द्यायचा नाही. ऐकायला किती सोपं! पहिल्या तीन रात्री आम्ही पाऊस आणि क्रिकेटवर काढल्या. चौथ्या रात्री ते त्यांच्या खोलीबद्दल बोलले. दोन मजली पलंग, बारा माणसांत एक गॅस, वरच्या पलंगावरचा केरळी मित्र एका पहाटे उठलाच नाही. त्याचं सामान बांधून घरी पाठवायचं काम यांनी केलं होतं. त्या दिवशीही मला फोन आला असणार. त्या दिवशीही आम्ही फीबद्दल बोललो असणार.

मी २६ जुलै २००५ बद्दल बोलले. थोरला आठ महिन्यांचा होता. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेतून आमच्या आळीत आलं, तेव्हा मी त्याला ओढणीनं छातीशी बांधून, सासूबाईंचा हात धरून शेजारच्यांच्या माडीवर गेले. पुढे कित्येक दिवस फोन लागत नव्हते. लागला तेव्हा मी यांना सांगितलं, सगळे खैरियत आहोत, फ्रीज गेला. नवरा इतका लांब, त्याच्या जिवाला घोर कशाला? ती रात्र मी कुणालाच कधी सांगितली नव्हती.

ती सांगताना मलाच दुसरी एक गोष्ट उमगली. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पुन्हा पूर आला, त्या वेळी हे घरी होते. पाणी चढायला लागलं तसे ते पुढे झाले आणि म्हणाले, "घाबरू नको, मी आहे ना." ते ऐकून माझ्या अंगाचा इतका संताप झाला, की मी पुढचे चार दिवस, चिखल उपसतानाही, त्यांच्याशी धड बोलले नाही. त्यांना वाटलं, सामान गेल्याचं दुःख आहे. मलाही तसंच वाटत होतं. खरं म्हणजे ते वाक्य सोळा वर्षं उशिरा आलं होतं. त्यात त्यांचा दोष काहीच नव्हता, ते आमच्यासाठीच लांब होते. पण हे सगळं मनात असताना जवळ कसं यायचं? दहा मिनिटं संपली होती. त्यांनी सल्ला दिला नाही, समजूतही घातली नाही. उठून बाहेरच्या खोलीतली उशी आत आणली. पंखा दोनवर ठेवला.

मी ऐकलं होतं, की अशा ठिकाणी शरीराबद्दलच शिकवतात. शरीराचं आलंच, पण ते कुठून येतं हे या भेटींत कळलं. तिसऱ्या भेटीत बाईंनी चक्क बंदी घातली. पुढचे काही आठवडे नवरा-बायकोचा पूर्ण संबंध नाही. त्याऐवजी आठवड्यातून तीनदा, हातापासून सुरुवात. एकानं दुसऱ्याचा हात हातात घ्यायचा, तेल लावायचं, दहा मिनिटं. मग पाळी बदलायची. ज्याचा हात आहे त्यानं फक्त सांगायचं, काय बरं वाटतं, काय नको. त्यापुढे काही घडलंच पाहिजे अशी अपेक्षा ठेवायची नाही.

ही युक्ती त्या बाईंची नव्हे. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या दोघांनी १९६० च्या दशकात जोडप्यांसोबत काम करताना ती बसवली आणि १९७० सालच्या आपल्या पुस्तकात मांडली. तिला सेन्सेट फोकस म्हणतात, म्हणजे लक्ष फक्त स्पर्शावर. त्यांच्या लक्षात आलं होतं, की पुष्कळ जोडप्यांत शरीराचा बिघाड नसतो, भीती असते. आपल्याला जमेल का, समोरच्याला आवडेल का, अशी स्वतःवरच पहारा ठेवणारी भीती. परीक्षाच रद्द केली की भीती ओसरते आणि स्पर्श पुन्हा स्पर्श होतो. पन्नास वर्षांनंतरही जगभर हीच पद्धत थोड्याफार फरकानं वापरतात.

आमच्यासारख्यांना ती का लागू पडते, ते यांच्या एका वाक्यानं मला कळलं. ते बाईंना म्हणाले, "मॅडम, रजेत प्रत्येक रात्र परीक्षेची वाटायची. दोन वर्षांचं दोन महिन्यांत भरून काढायचं." मी हे पहिल्यांदा ऐकत होते. माझ्या बाजूनंही परीक्षाच होती. तो दोन वर्षांनी आलाय, त्याला नाही कसं म्हणायचं? इच्छा आहे की नाही हे स्वतःला विचारायची मला सवयच नव्हती. बंदीमुळे पहिल्यांदा कळलं, की हात हातात असणं एवढंही पुरेसं असू शकतं.

कॅनडातल्या डॉ. रोझमेरी बॅसन यांनी २००० साली मांडलेलं एक म्हणणं बाईंनी मला समजावून सांगितलं. पुष्कळ बायकांच्या, विशेषतः लग्नाला बरीच वर्षं झालेल्यांच्या बाबतीत, आधी इच्छा आणि मग जवळीक असा क्रम नसतो. आधी आपुलकी, निवांतपणा, चांगला स्पर्श, आणि त्यातून इच्छा जागी होते. म्हणजे "माझ्यात काही उरलंच नाही" असं जे मी मनाशी धरून बसले होते, ते खरं नव्हतं. चुलीत निखारा होता, फुंकर घालायला कुणाला सवड नव्हती.

इथवर वाचून कुणी म्हणेल, हे सारं पश्चिमेचं. म्हणून माझ्या घरातल्या पुस्तकांत मी काय वाचलं तेही सांगते. कुरआनात नवरा-बायकोला एकमेकांचा लिबास म्हटलं आहे. कपड्याइतकं अंगाजवळचं, लाज राखणारं, ऊब देणारं दुसरं काय असतं? हजरत आयशा (रजि.) यांनी अन्सारी स्त्रियांची तारीफ केली ती यासाठी, की दीनची समज घेताना त्यांना लाज आडवी आली नाही. त्या स्त्रिया हुजूर (स.) यांना शरीराबद्दलचे प्रश्नही थेट विचारत. हुजूर (स.) हजरत आयशांबरोबर धावण्याची शर्यत लावत, प्याल्याला त्यांनी जिथे ओठ लावले तिथेच ओठ लावून पाणी पीत. इमाम गजालींनी नऊशे वर्षांपूर्वी आपल्या 'इह्या'त निकाहाच्या अदबीवर प्रकरण लिहिलं. त्यात नवऱ्यानं घाई करू नये, बायकोचंही समाधान पाहावं, असं स्वच्छ सांगितलं आहे.

आणि एक गोष्ट तर जणू आमच्या कोकणासाठीच आहे. हजरत उमर (रजि.) रात्री मदिनेत फिरत असताना, नवरा मोहिमेवर गेलेल्या एका बाईचं विरहाचं गाणं त्यांच्या कानावर पडलं. त्यांनी आपल्या मुलीला, हजरत हफ्सांना (रजि.), विचारलं, की बाई नवऱ्यावाचून किती दिवस काढू शकते? उत्तर आलं चार महिने. काही ठिकाणी सहा सांगितले आहेत. त्यानंतर त्यांनी सैनिकांना त्याहून जास्त काळ घरापासून दूर ठेवायचं नाही असं ठरवलं. खलिफानं बाईच्या एकटेपणाचा प्रश्न राज्यकारभाराचा मानला. आम्ही मात्र तो सबराच्या खात्यावर टाकून मोकळे झालो.

मराठीतही ही वाट नवी नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' काढलं आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवलं. वाचकांच्या शरीराबद्दलच्या प्रश्नांना ते त्यात सरळ उत्तरं देत. त्यासाठी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, आणि १९३४ मध्ये त्यांची बाजू कोर्टात बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. अलीकडे मुंबईत डॉ. महिंदर वत्स ऐंशी पार केल्यावरही वर्तमानपत्रातून लोकांच्या अशा प्रश्नांना उत्तरं देत होते. २०२० च्या डिसेंबरात, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी ते गेले. लोकांनी त्यांना एवढे प्रश्न पाठवले, याचा अर्थ घरात विचारायला जागा नव्हती.

आता काही सावधगिरीच्या गोष्टी, कारण हा लेख वाचून कुणी लगेच मोबाइलवर शोधायला बसेल. कोच ही पदवी आपल्या देशात कुणीही स्वतःला लावू शकतो. दोन दिवसांचा कोर्स करूनही पाटी लावता येते. म्हणून शिक्षण विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, ती पाहता येते. जो पहिल्याच भेटीत हमी देतो, औषधाची बाटली विकतो, फोटो मागतो किंवा तुमच्या अंगाला हात लावायची भाषा करतो, तिथून उठून या. अभ्यास तुमचा तुम्ही दोघांनी घरी करायचा असतो.

दुसरं, आधी डॉक्टर. पुरुषांत मधुमेह, रक्तदाब आणि त्यांवरची काही औषधं यांचा परिणाम होतो. बायकांना पाळी जाण्याच्या वयात कोरडेपणा आणि दुखणं असतं, काहींना लग्नाच्या पहिल्या दिवसापासून वेदना असतात. त्यावर इलाज आहेत. आमच्या यांची शुगर या निमित्तानंच तपासली गेली आणि वाढलेली निघाली. अर्धी लढाई गोळीनं आणि चालण्यानं जिंकली, हे सांगायला त्यांनी मला परवानगी दिली आहे.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. जिथे मारहाण आहे, धमकी आहे, जबरदस्ती आहे, तिथे जवळिकीचे धडे उपयोगाचे नाहीत. तिथे आधी बाईची सुरक्षितता. महिलांसाठी १८१ हा हेल्पलाइनचा नंबर आहे, तो पाठ असू द्या. हाताला तेल लावायला सांगणारी कुठलीही शहाणी समुपदेशक आधी हेच तपासते. आमच्या बाईंनी पहिल्या आठवड्यात दोघांशी वेगवेगळं बोलून मला हळूच विचारलं होतं, "घरात भीती वाटते का?" मी नाही म्हटल्यावरच पुढचं सुरू झालं.

आठ भेटींचा खर्च दुबईच्या एका तिकिटाहून कमी झाला. त्यातून काय मिळालं? सगळं सुरळीत झालं असं मी लिहिणार नाही. डब्यांची जागा अजून वादात आहे. थोरला अजून परवानगी मागायला माझ्याकडेच येतो, आता मी त्याला "अब्बांना विचार" म्हणून पाठवते. काही आठवडे दहा मिनिटं राहून जातात आणि मग दोघांनाही चुकल्यासारखं होतं. पण आता मी नाही म्हणू शकते आणि ते रुसत नाहीत. ते थकलोय म्हणू शकतात आणि मी त्याचा वेगळा अर्थ काढत नाही. इच्छा असेल तर तीही बोलून दाखवता येते, जे मला या जन्मात जमेल असं वाटलं नव्हतं. आम्ही दोघं चाळिशी ओलांडलेली माणसं, एकमेकांची ओळख करून घेतो आहोत. उशीर झाला हे खरं. पण ओळख गोड लागते आहे.

येत्या महिन्यात माझ्या भाच्याचा निकाह आहे. मुलगा दोहाला असतो. लग्नानंतर चाळीस दिवसांनी तो परत जाईल, मुलगी इथेच राहील. दागिने, कपडे, भांडी सगळी देतील. मी त्या दोघांना समोर बसवून एक गोष्ट सांगणार आहे. फोनवर रोज घराचं बोला, पैशांचं बोला, ते चुकणार नाही. पण त्यात दहा मिनिटं अशी ठेवा, की ज्यात तू कसा आहेस आणि तू कशी आहेस एवढंच असेल. "ठीक" हे उत्तर त्या दहा मिनिटांत चालणार नाही. आणि बेटा, जमलं तर चार महिन्यांनी ये, दोन वर्षांनी नको. एखादा एसी कमी घे, एक तिकीट जास्त काढ.